दिवाळीतलं उघडं हॉस्टेल

मला कोणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते. वाचताना ज्याला तोंडानं च्यक् च्यक् करावंसं वाटेल, त्यानं आत्ताच दुसरं काहीतरी वाचायला घ्यावं. मी बालगृहात वाढले. सहा वर्षांची असताना आले, अठराची झाल्यावर निघाले. सहाच्या आधीचं कोणी विचारलं तर आठवत नाही म्हणते. आठवतं, पण सांगत नाही. आज मी नागपूरजवळ हिंगण्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे. माझ्या हाताखाली मिशावाले चार लोक काम करतात आणि सकाळी कंपनीची बस माझ्यासाठी चौकात थांबते. तेव्हा च्यक् च्यक् नको.

आणि हे लिहायला बसले ते माझ्यासाठी नाहीच. प्रेमिला मॅडमसाठी बसले. पण मॅडमचं सांगायचं तर मी मध्ये कडमडणारच, त्याला इलाज नाही.

प्रेमिला मेश्राम म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डन. उंची बेताची, अंगावर सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर कोणाचा नळ चालू राहिला तर खालून नुसतं ओरडून बंद करायच्या. राहायला नागपुरातच, इंदोऱ्याला. त्यांचे यजमान बाबनराव पोस्टातून रिटायर झालेले, बोलणं मोजकं. ‘घरात दोघांतून एकानं तरी चूप राहा लागते,’ असं ते म्हणायचे, तेही मॅडम घरात नसल्या तरच.

मी हॉस्टेलला आले त्या पहिल्या संध्याकाळी मॅडमनी माझ्या दारावर टकटक केलं. मी आतून गप्प. मला वाटलं, कोणी काही ठोकून राहिलं असेल. अहो, बालगृहात कोणी दार वाजवत नाही. तिथं दार असतं, पण ते आतून लागत नाही, म्हणून वाजवायचाही प्रश्न येत नाही. ज्याला यायचं तो येतो. पुन्हा टकटक झालं, आणि मग तो आवाज आला, ‘अवं, आत हाय का नाही? येऊ का मी?’ माझ्या खोलीत यायला मला विचारणारं ते पहिलं माणूस. मी ‘या’ म्हणायचं विसरले आणि उठून उभी राहिले, रांगेत उभं राहतात तशी. मॅडमनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, ‘बस वं, मी काही इन्स्पेक्शनले नाही आली,’ म्हणाल्या आणि पंखा चालतो का ते पाहून गेल्या.

माझी पार्टनर होती काटोलची नंदिनी. घरी संत्र्याचा बगीचा. तिचं ‘आमच्याकडं असं, आमच्याकडं तसं’ सकाळपासून सुरू व्हायचं. आमच्याकडं आई अंघोळीचं पाणी काढून ठेवते, आमच्याकडं बाबा मला गाडीवरून आणायला येतात. वाईट नव्हती पोरगी. पण ऐकून ऐकून मला कान झाकून घ्यावेसे वाटायचे. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘तुझं गाव कोणतं?’ मी तोंड उघडलं आणि उमरेड बाहेर पडलं. काहून उमरेड, देवाला ठाऊक. एकदा सहलीची बस तिथं पंक्चर झाली होती, तेवढंच माझं उमरेड. पण मग मी थांबलेच नाही. बाप हातमागावर होता, आता दुकान टाकलं. आजी अजून चरख्याजवळ बसते. दोन भाऊ, एक भांडकुदळ, एक शहाणा. मी खोटं बोलले, आणि फर्स्ट क्लास बोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडायची वेळ दिवाळीत आली. आमच्या हॉस्टेलचा नियम असा की दिवाळीची सुट्टी लागली की हॉस्टेल बंद. मेस बंद, पाणी बंद, गेटला कुलूप. नियम करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. प्रत्येक पोरीला घर असतं, असं तो धरून चालला होता, एवढंच. बालगृह अठरानंतर आत घेत नाही, तोही नियमच. अठरानंतरच्या मुलींना ठेवणारी संस्था मला मिळत होती ती दुसऱ्या जिल्ह्यात, आणि कॉलेज नागपुरात. मग मी काय केलं? गांधीबागेत साडीच्या दुकानात सीझनपुरती लागले. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर साड्या उलगडायच्या आणि त्यांच्या पाठीमागे घड्या घालायच्या. तिथंच मैनाबाई कामाला होत्या, लकडगंजात एका खोलीत राहायच्या. त्यांनी आपल्या खोलीत मला पथारी टाकायला जागा दिली. काही विचारलं नाही, फक्त घोरते का तेवढं विचारलं.

आता इथं माझी अक्कल पाहा. सुट्टी संपल्यावर प्रत्येक पोरगी घरचा फराळ घेऊन येते. पलंगावर डबे उघडतात, हिच्या चकल्या तिच्या शंकरपाळ्या, गलका होतो. रिकाम्या हातानं गेले तर उमरेड उघडं पडणार. म्हणून मी मैनाबाईंच्या शेगडीवर चिवडा केला. चिवडा मला झोपेतही येतो. बालगृहात दर दिवाळीला आम्ही मोठ्या मुलीच करायचो. पण मला येतो तो साठ जणांचा. घमेल्यानं पोहे घ्यायचे, ओंजळीनं दाणे टाकायचे, मीठ एवढं, साखर एवढी. दोन वाट्यांचा चिवडा कसा करतात हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मैनाबाईंनी शेजारच्या मंडळाची कढई आणून दिली, त्यांना वाटलं कुठं भंडारा असेल. आणि मी ऑटोतून हॉस्टेलला उतरले ती चिवड्याचं पोतं घेऊन.

पोतं! लोक डबे आणून राहिले आणि ही बया पोतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पोरी हसल्या, ‘रीना, तुझ्या आईनं गावजेवण घातलं का?’ मीही हसले, आमच्याकडं असंच असते म्हटलं. पण खाल्ल्यावर सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. त्यात मिरचीच नव्हती. बालगृहात तीन-चार वर्षांची लेकरं जेवतात, म्हणून सगळं फिकं करतात. माझ्या हाताला तेच वळण. आणि हे शहर कोणतं, तर सकाळी सकाळी पोह्यावर लालभडक तर्री ओतून घेणारं. तिथं बिनमिरचीचा चिवडा! नंदिनी म्हणाली, ‘तुमच्याकडं कोणी आजारी आहे का?’

तेवढ्यात मॅडम आल्या. त्या सगळ्यांच्या डब्यांतलं चाखत फिरायच्या, तो त्यांचा हक्कच होता. पोत्यात हात घातला, मूठभर तोंडात टाकला, चावता चावता थांबल्या आणि माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता माझी वरात निघाली. त्या मोठ्यानं म्हणाल्या, ‘भल्ली झाली बाई चव! पोट्ट्यांनो, सगळं संपवू नका, हे पोतं मेसमध्ये ठेवते मी, रोज चहासोबत घेजा.’ आणि पोतं उचलवून नेलं. नंतर मला ऑफिसात बोलावलं.

‘उमरेडले मिरची पिकणं बंद झालं काय वं?’

मी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली.

‘अन् तुही माय रोज पन्नास-साठ पानं वाढते काय? असा चिवडा संस्थेत होते रीना. माहा लहाना भाऊ आश्रमशाळेत होता, सुट्टीत घेऊन यायचा तो असाच असे. खरं सांग, कुठी होती तू सुट्टीत?’

मी उठले आणि दार आपटून निघून आले. वॉर्डनच्या ऑफिसचं दार! दोन दिवस वाट पाहिली की आता नोटीस येते, मग येते. आली नाही.

सुट्टी संपली की लागलीच हिवाळी परीक्षा. बाकीच्या पोरी घरी बसून गणित घोटून आल्या होत्या आणि मी साड्यांच्या घड्या घालून आले होते. निकाल लागला. गणित गेलं, त्याच्यासोबत आणखी एक विषय गेला. हे पुन्हा झालं असतं तर ईयर डाऊन. ईयर डाऊन म्हणजे हॉस्टेलची सीट गेली, आणि सीट गेली म्हणजे शिक्षण गेलं. कारण या अख्ख्या शहरात माझ्या नावाचं दुसरं छप्पर नव्हतं. इतका सरळ हिशोब होता. तो मला कळत होता, म्हणून मी खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते.

टकटक झालं. मी ‘या’ म्हटलं.

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. ‘त्या दिवशी मी तुले इचारलं ना, ते माहं चुकलंच. कुठी होती ते नको सांगू. अभ्यास कुठी केला तेवढं सांग.’

‘नाही केला.’

‘जागा नव्हती?’

‘नव्हती.’

‘हं,’ एवढंच म्हणाल्या. मग उठताना म्हणाल्या, ‘उन्हाळ्यात माह्या घरी येजो. हट्ट नाही करायचा.’

मी गेले. इंदोऱ्याचं त्यांचं घर लहान, पण कूलरसमोरची जागा मला दिली होती. जेवायच्या वेळी मी ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. बाबनराव पाहत राहायचे, शेवटी एक दिवस तेही ताट घेऊन माझ्यामागं उभे राहिले. मॅडम कढईतलं उलथणं उगारून म्हणाल्या, ‘आता लाइन लावता काय तुम्ही?’ खूप हसलो आम्ही. अडकलेले दोन्ही विषय मी काढले. पण मला तिथं पाहुण्यासारखं वाटायचं ते वाटायचंच. येणाऱ्या दिवाळीला मी पुन्हा त्यांच्या घरी जाणार नाही, असं ठणकावून सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, ‘बरोबर बोलली. एका पोरीची सोय म्हणजे सोय नाही होत. मी रिटायर झाल्यावर कोणाच्या घरी जाशीन? अन् तुह्यासारखी दुसरी असन तर तिनं काय करावं? हॉस्टेलच उघडं पाहिजे.’

त्या वर्षी दसऱ्याला त्या मला दीक्षाभूमीकडं घेऊन गेल्या. मॅडमची आजी छप्पन सालच्या दीक्षेला तिथं होती, कडेवर पोर घेऊन. तेव्हापासून त्यांच्या घरात वर्षाचा मोठा दिवस तोच. दिवाळीचं त्यांच्याकडं काही नसतं. गावोगावचे लोक लाखोंनी येतात, आणि इंदोऱ्यातली त्यांच्या वस्तीची मंडळी रस्त्याच्या कडेला मंडप टाकून येईल त्याला जेवू घालतात. मला भात वाढायला उभं केलं. त्या दिवशी माझं साठ जणांचं माप अगदी तोकडं पडलं. एक बाई आली, डोक्यावर बोचकं, पायात चप्पल नाही. मी सवयीनं विचारलं, ‘कुठून आलात मावशी?’ मॅडमनी मागून माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ‘इथं इचारत नाही वं. वाढ.’ मी वाढलं. त्यानंतर दिवसभर कोणालाच काही विचारलं नाही. हात दुखून आले, पण मी इतकी खुशीत कधी नव्हते.

आणि मग ती मीटिंग. हॉस्टेल समितीचे प्रमुख होते संजीव सर. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. मॅडमनी दिवाळीत हॉस्टेल उघडं ठेवायची मागणी केली होती आणि ‘विद्यार्थिनीचं म्हणणं ऐका’ म्हणून मला सोबत नेलं होतं. सरांनी हसतमुखानं सुरुवात केली.

‘मॅडम, आनंदाची बातमी आहे. एक दानशूर गृहस्थ तयार झालेत. सुट्टीतला सगळा खर्च त्यांचा. भाऊबीजेला छोटासा कार्यक्रम ठेवू. या मुली स्टेजवर बसतील, ते फराळ देतील, साडी देतील, दोन फोटो होतील. बॅनरही पाठवलंय त्यांनी.’ आणि मोबाइल पुढं केला. ‘अनाथ भगिनींसोबत दिवाळी.’

मी अशा बारा दिवाळ्या काढल्या होत्या. लोक यायचे, आम्हाला उंचीप्रमाणे उभं करायचे. एका वर्षी एका बाईनं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला, फोटो काढला, आणि फोटो निघाल्याबरोबर तो डबा माझ्या हातातून काढून पुढच्या मुलीच्या हातात दिला. डबे कमी पडून राहिले होते. मी सात वर्षांची होते. डब्याचं झाकण अर्धं उघडलंही होतं मी.

‘मी स्टेजवर बसणार नाही,’ मी म्हटलं.

सर गडबडले. ‘अगं, यात कमीपणा काय आहे? लोकांना कळलं तर मदतच—’

‘मला घर नाही हे मला माहीत आहे सर. बॅनर लावून अख्ख्या नागपूरला सांगायची गरज नाही.’

‘मग सुट्टीत राहायची गरज नाही, असं समजायचं का आम्ही?’

‘समजा!’

बोलून गेले आणि मग कळलं मी काय बोलले. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. समोर पुन्हा गांधीबाग, पुन्हा घड्या, पुन्हा नापास. या वेळी गेलं तर गेलंच. मॅडमकडं पाहायची हिंमत नव्हती. त्यांनी महिनाभर खपून ही मीटिंग लावली होती.

मॅडमनी पाण्याचा एक घोट घेतला. ‘सर, त्या गृहस्थाले माहा नमस्कार सांगा. पण आपल्याले खर्च कोणता हाय? बिल्डिंगले चौकीदार बाराही महिने असते. लाइट-पाणी बंद करायची मेहनत वाचन. मेस नको, रांधून घेऊ. राहता राहिली वॉर्डन.’

‘तेच ना मॅडम. दिवाळीत ड्यूटीला कोण तयार होईल?’

‘मी. मले कुठी दिवाळी हाय? माहा सण दसऱ्याले झाला. दसऱ्याची सुट्टी दर वर्षी मले द्या, दिवाळीत मी हॉस्टेल सोडून हलणार नाही. लिहून घ्या.’

समितीतल्या दोघी वॉर्डन, ज्यांना दिवाळीत आपल्यावर ड्यूटी येईल अशी धास्ती होती, त्या एकदम सैल होऊन बसल्या. एक म्हणाली, ‘चांगलंच आहे की.’ बोलणाऱ्याची बोरं विकतात, मॅडमची विकली.

सरांनी वही पुढं ओढली. ‘बरं. मग कोणत्या मुली पात्र, ते ठरवू. अनाथ प्रमाणपत्र, किंवा घरून संबंध तुटल्याचं काही—’

‘नाही. जिले राहायचं ती राहीन. कारण इचारायचं नाही.’

‘असं कसं? मग सगळ्याच राहतील!’

‘सर,’ मॅडमचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की आम्ही जास्त घाबरायचो, ‘जिची माय दारात वाट पाहून राहिली, ती पोरगी दिवाळीत हॉस्टेलचं पातळ वरण प्याले थांबते काय? जी थांबन, तिले कारण असन. ते तिनं आपल्याले सांगितलंच पाहिजे, असं काहून?’

सरांनी पेनाचं टोपण लावलं. ‘तुमची ही एकटी राहील मॅडम, बाकी बिल्डिंग रिकामी. एका मुलीसाठी हे करायचं? बरं, या वर्षी पाहू. रिकामीच राहिली तर पुढच्या वर्षी मला विचारू नका.’

‘नाही इचारत,’ मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी रडले. हो, रडले, त्यात लपवायचं काय? मॅडमनी रडू दिलं आणि मग म्हणाल्या, ‘तोंड धुऊन घे. अन् पुढच्या वेळी समजा म्हणायच्या आधी माह्याकडं पाहत जा. मीबी तेच म्हणणार होती, पण जरा गोड आवाजात.’

सुट्टी लागली. माझा अभ्यास झाला, पेपर निघाले, मी कुठंच अडकले नाही, हे इथंच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. पण सुट्टीचा पहिला दिवस सांगायचा राहिला आणि मला सांगायचा आहे तो तोच.

दुपारी ऑटो येत होते, पोरी बॅगा घेऊन जिना उतरत होत्या, गेटवर नुसती ‘हॅपी दिवाळी, हॅपी दिवाळी’. नंदिनीची बॅग मीच ऑटोत ठेवली. पाच वाजेपर्यंत सगळं सामसूम. मी पायरीवर गणिताचं पुस्तक घेऊन बसले आणि मनात म्हटलं, सर बरोबर बोलले, मी एकटीच. म्हणजे पुढच्या वर्षी बंद. मॅडमनी मेसच्या स्वयंपाकघरात वरण-भात आणि वांग्याची भाजी टाकली होती. मी जाऊन सांगितलं, ‘कमी करा मॅडम, दोघीच आहोत.’

‘राहू दे. हात बसला हाय.’

अंधार पडता पडता वर एक दार वाजलं. मग एक. पहिल्या वर्षाची एक मुलगी जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, ते... राहिलं तर चालते म्हणत होते ना?’ मॅडम म्हणाल्या, ‘ताट घे.’ तिच्या मागून आणखी दोघी. एक तर एम.ए.ची ताई होती, आमच्या मजल्यावर सगळ्यांना दरडावणारी, चेहऱ्यावर नेहमी इस्त्री. तीही आली, काही न बोलता रांगेत उभी राहिली. दुपारभर त्या खोल्यांचे दिवे न लावता आत बसल्या होत्या, कोणी पाहायला नको म्हणून. मला जे वाटत होतं ते सगळ्यांनाच वाटत होतं, की आपण एकटीच आहोत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण एवढ्या? मेसची दोन बाकडी भरली.

वाढायला सुरुवात झाली आणि दारात नंदिनी. हातात तीच बॅग. केस विस्कटलेले, ओठ कोरडे. काटोलला संत्र्याचा बगीचा असलेली, आई अंघोळीचं पाणी काढून ठेवणारी नंदिनी. माझ्या तोंडून निघालंच, ‘काहून गं, काय झा—’

‘रीना, भात वाढ,’ मॅडम म्हणाल्या.

मी भात वाढला. नंदिनी बसली. चार घास खाल्ले आणि मान खाली घालूनच म्हणाली, ‘मॅडम, बसस्टँडवर बसली होती मी दुपारपासून. बस लागत होती, जात होती. माझ्यानं चढवलंच नाही. कारण असं झालं की घरी—’

‘ते राहू दे,’ मॅडमनी तिच्या ताटात भाजी टाकली. ‘मले एक सांग फक्त. तिथं आणखी कोणी बसली होती काय, तुह्यासारखी?’

नंदिनीचा घास हातात राहिला. विचार केला तिनं. मग हळूच म्हणाली, ‘होती. पहिल्या वर्षाची. निळी सॅक आहे तिची, आपल्याच हॉस्टेलची. मी निघाली तेव्हाही बसूनच होती.’

मॅडमनी भाजीचं भांडं एम.ए.वाल्या ताईच्या हातात दिलं, ‘तू वाढ,’ आणि पदर खोचून बाहेर. मी मागं धावले. मॅडमची खिळखिळी स्कूटी, गणेशपेठ बसस्टँडपर्यंत त्यांनी अशी पळवली की मी डोळे मिटून घेतले. फलाटांवर दिवाळीची गर्दी, पोरं, पिशव्या, फटाक्यांचे पुडे, हाका. निळी सॅक शेवटच्या बाकावर होती. सॅक मांडीवर घट्ट धरून एक मुलगी बसली होती.

आम्हाला पाहून ती दचकून उभी राहिली. ‘मॅडम, माझी बस यायची आहे.’

‘येऊ दे ना,’ मॅडम म्हणाल्या. ‘बस उद्याबी येते, परवाबी येते. जेवण झालं काय तुहं?’

तिनं मान हलवली. नाही.

‘मग चल.’

ट्रिपल सीट निघालो. मॅडम पुढं, ती मधे, मी मागं, सॅक माझ्या पाठीवर. पोलिसानं अडवलं असतं तर मॅडमनी त्यालाही जेवायला बोलावलं असतं. कॉटन मार्केटजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा त्या पोरीनं मान मागं वळवली आणि मॅडमना ऐकू जाऊ नये इतक्या हळू मला विचारलं, ‘ताई, तिथं राहायला काहून थांबली ते सांगा लागते का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘फक्त आपलं ताट आपण धुवा लागते.’